मोटारीचं दावं

डोंगरकडा. शके १८६०, श्रावण शुद्ध ६, मंगळवार

ही वही वसमतहून आणून दोन वर्षं झाली, कोरीच पडून होती. आज उघडली, कारण घरात एक मोठा निर्णय झाला आहे. मोठे निर्णय लिहून ठेवलेले बरे, नंतर कुणी "असं ठरलंच नव्हतं" म्हणायला नको. निर्णय असा, की मोटार विकायची आणि मळ्यातल्या विहिरीवर तेलाचं इंजिन बसवायचं.

दोन मोटांच्या पाण्यावर हळद भिजता भिजत नाही, उन्हाळ्यात बैल जीव टाकतात. शिवाय पलीकडच्या गावात इंजिन आलं तेव्हा अख्खं डोंगरकडा ते बघायला गेलं होतं. आपल्याकडेही कुणी असं बघायला यावं, असं मला वाटतं. स्वतःच्या वहीत खोटं कशाला लिहू.

मोटारीची हकीकतही लिहून ठेवतो. चार वर्षांपूर्वी मनकर्णा विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली. कंबर मोडली ती नीट जुळलीच नाही. काठी धरून अंगणापर्यंत येते, त्यापुढे नाही. बैलगाडीत बसवलं तर धक्क्यांनी आठ दिवस अंथरूण. दुसऱ्या साली वसमतकडचे एक जागीरदार कायमचे हैदराबादेला राहायला गेले आणि जाताना त्यांनी आपली मोटार विकायला काढली. आमच्या ओसरीएवढी लांब. मखमली गाद्या, रेशमी पडदे, मालक आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये काच. मालकाने हुकूम सोडायचा तोसुद्धा एका नळीतून. मी ती घेतली. पण धक्के काही जागीरदार बघून कमी होत नाहीत. मनकर्णा पहिल्या खेपेलाच रडकुंडीला आली.

मग मोटार वसमतच्या रूपसिंग सुताराकडे नेली. त्याने मधली काच काढली, गाद्या काढल्या, मागचं दार रुंद करून त्याची उतरती फळी केली, आणि छताला लोखंडी कड्या ठोकून चार साखळ्यांवर सागवानी बंगई टांगली, घरात झुलायला असते तशीच. आता रस्ता कसाही असो, मोटार आदळते आणि बंगई नुसती झुलते. रूपसिंग म्हणाला, "किसनराव, असं काम बापजन्मात केलं न्हाई, आन पुढं कुणी करायला सांगंल असं वाटत बी न्हाई."

तेव्हापासून मनकर्णा बाळापूरच्या बाजाराला जाते, वसमतला आपल्या बहिणीकडे, चतुराबाईकडे जाते, मळ्यात येऊन हळदीत तण राहिलंय ते मलाच दाखवते. पण तीन वर्षं झाली. हौस फिटली असणार. धमणीत, म्हणजे आमच्या हलक्या बैलगाडीत, जाड गादी घातली की काम भागेल. मी तिला तसं विचारलं. म्हणाली, "तुमच्या मनाला पटंल ते करा." इतकी समजूतदार बायको मिळायला नशीब लागतं.

श्रावण शुद्ध १०, शनिवार

मोटारीची जाहिरात लिहिली. वसमतला आणि बाळापूरला चिकटवायची आहे. मजकूर असा:

"विकणे आहे. जागीरदारी लांब मोटार, सागवानी बंगईसह. बंगईवर एक माणूस निजून किंवा तीन बायका बसून जाऊ शकतात. मागे हळदीची चार पोती राहतात. एकदा चालू झाली की थांबत नाही. मालकाची गरज संपल्यामुळे विकणे."

मसाजीला वाचून दाखवली. मसाजी आमचा सालगडी, जागीरदाराच्या ड्रायव्हरकडून आठ दिवसांत मोटार शिकला आणि अजून वळणावर तिला "हो, हो" म्हणतो. तो म्हणाला, "मालक, थांबत न्हाई असं लिवलं तर लोक म्हणतील बिरीक न्हाई." ते वाक्य खोडलं.

मनकर्णा वाती वळत होती. म्हणाली, "शेवटची ओळ परत वाचा." वाचली. "बराबर हाय," म्हणाली आणि पुन्हा वाती वळू लागली.

श्रावण वद्य २, शनिवार

पहिलं गिऱ्हाईक आलं. हिंगोलीचे कापडवाले शेठ, लग्नाच्या वरातींना मोटार भाड्याने द्यायचा विचार. मनकर्णेने त्यांना आग्रह करकरून बासुंदी वाढली, तिसरी वाटी तर हात धरून. मग मसाजीला म्हणाली, "पाहुण्यायला बंगईवर बसव आन ओढ्याच्या रस्त्यानं फिरवून आण. चांगला रस्ता काय, कुणी बी दावतं."

शेठ परत आले ते पांढरेफटक पडून. फळीवरून उतरले आणि बाभळीखाली बराच वेळ बसून राहिले. सौदा झाला नाही. मी मनकर्णेला म्हणालो की जेवण जरा जड झालं. ती म्हणाली, "पाव्हणा उपाशी धाडू का मंग?"

श्रावण वद्य ६, बुधवार

जाहिराती वाचून कुणी येत नाही, हे मी आधीच ओळखायला हवं होतं. आमच्या भागात माणूस वस्तू वाचून घेत नाही, दात बघून घेतो. तेव्हा काल बाळापूरच्या बाजारात मोटार सरळ बैलांच्या बाजारात नेऊन उभी केली, लिंबाच्या सावलीत, दोन खिलारी जोड्यांच्या मधे. मनकर्णा आत बंगईवर होतीच. बाजाराचा दिवस ती चुकवत नाही.

संतराम हेडी, बैलांचा दलाल, आला. बैलांच्या सौद्यात गेली वीस वर्षं मी त्याच्याशिवाय दुसऱ्याच्या रुमालाखाली हात घातलेला नाही. त्याने मोटारीला एक फेरी मारली, पुढच्या जाळीत वाकून बघितलं, चाकावर थाप मारली. मग म्हणाला, "खोड सांगा, किसनराव. खोड झाकून जनावर विकलं तर बाजारात तोंड माझं काळं व्हतं."

मी सगळं सांगितलं. बटणावर चालू होत नाही, पुढून हँडल मारावं लागतं. ते हँडल ह्याच मोटारीचं, दुसरं कुठलं बसत नाही. चढावर गरम होते. संतराम मान डोलावत होता. एवढ्यात बाळापूरचे तातेराव आले. सधन माणूस, बोलायला मोकळा. त्यांना पिठाची गिरणी घालायची आहे.

"आमाला निस्तं मशीन पायजे," ते म्हणाले. "वरचं खोकडं काढून टाकू. चालत दाराशी आली की बास." मग पडदा सारून आत डोकावले. "आत माणूस हाय की."

"ते सौद्यात न्हाई," संतराम म्हणाला. सगळे हसले. मनकर्णाही हसली.

"आन ह्या बंगईचं काय करता?" मी विचारलं.

"कोंबड्या बसतील," तातेराव म्हणाले.

मी उगाच आत हात घालून बंगईची साखळी सरळ केली. संतरामने रुमाल टाकला, आम्ही खाली हात घातले, बोटं धरली, सोडली, पुन्हा धरली. आकडा इथे लिहीत नाही. रुमालाखालचा आकडा तिथेच राहावा, आणि रुमालाखाली दिलेला शब्द कुणी मोडू नये. मोडणाऱ्याला पुढे कुणी बैल विकत नाही. इंजिन येईल एवढं मिळालं. तातेरावांनी इसाराचा नारळ दिला. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी येऊन मोटार नेणार.

येताना ओढा ओलांडल्यावर मनकर्णा एकदाच बोलली, "कोंबड्यायला हवा चांगली लागंल."

श्रावण वद्य ८, शुक्रवार

नांदेडला इंजिनवाल्याला पत्र टाकलं. आज मनकर्णा मसाजीला विचारत होती, मोटार हँडलाशिवाय कशानंच चालू होत नाही का. तो म्हणाला, ढकलली तर व्हती, पर आत बसलेल्याच्या मनात पायजे. तीन वर्षं मोटारीत बसली आणि विकायच्या वेळी हिला यंत्राची गोडी लागली. बायकांचं असंच असतं.

श्रावण वद्य १४, बुधवार

आज बैलांची खांदमळणी. ओढ्यावर बैल धुतले, संध्याकाळी खांद्यांना लोणी-हळद चोळली. मसाजीने प्रत्येक बैलाच्या कानात सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." चारही बैलांना सांगून झालं, तर मनकर्णा ओसरीतून म्हणाली, "आन तिला?"

मी हसलो. मसाजी हसला नाही. वाटी घेऊन मोटारीकडे गेला आणि चारही चाकांना लोणी-हळद लावू लागला. मी ओरडलो की रबराला तेलकट लावत नाहीत, सडतं. तेव्हा त्याने चाकं पुसून घेतली आणि पुढच्या पत्र्याला लावलं. मनकर्णा काठी टेकत अंगण उतरली. अंगणाच्या कडेपासून मोटारीपर्यंत दहा पावलं आहेत, ती तिने तीन वर्षांत कधी एकटीने चालली नव्हती. आज चालली. मोटारीच्या इंजिनावरच्या टोपणाशी तोंड नेऊन ती म्हणाली, "आज आवतन घे, उद्या जेवायला ये."

मी म्हणालो, "बघ, चालता येऊन राहिलं तुला." ती काठी टेकत परत फिरली.

श्रावण अमावास्या, पोळा, गुरुवार

मोटारीच्या दोन्ही दिव्यांना बाशिंगं. टोपणावर पुरणपोळी. तोरणाखाली बैलांच्या रांगेत शेवटी मोटारही उभी होती, मसाजीने ढकलून आणलेली, कारण पोळ्याला कुणालाच जुंपायचं नसतं. गावच्या बायका तिला ओवाळायला आल्या. एवढ्या बायका आमच्या बैलांना कधी आल्या नव्हत्या. मला वाटतं मोटारीचं नवल अजून टिकून आहे.

भाद्रपद शुद्ध १, शुक्रवार

मोटार गेली. क्रम जसा घडला तसा लिहितो.

तातेराव सकाळीच आले. ठरलेलं त्यांनी पुरतं दिलं, चहा झाला. त्यांच्याकडे चालवणारा नाही, म्हणून मसाजीने बाळापूरपर्यंत पोचवायचं ठरलं. मसाजीने हँडल मारलं, मोटार धडधडू लागली. तेवढ्यात मनकर्णा ओसरीतून म्हणाली, "दावं ठेवून घेतलं का?"

बैल विकला तरी त्याच्या गळ्यातलं दावं विकायचं नसतं. ते आपल्या खुंटीला राहतं, घेणाऱ्याने नवं आणायचं. नाहीतर जनावराबरोबर दावणीची बरकतही जाते. आमच्या खुंटीला आज्याच्या काळापासूनची सात दावी आहेत. मी म्हणालो, "मोटारीला कुठलं दावं?"

"ज्याला धरून जनावर हालतं ते दावं," ती म्हणाली. "हँडल."

मी तातेरावांकडे बघितलं. मला वाटलं ते हसतील. पण ते गंभीर झाले. "वैनीचं बराबर हाय," म्हणाले. "मागच्या मालकाचं दावं नेऊन मला गिरणीला दळण मिळायचं न्हाई. ऱ्हाऊ द्या. मी लोहाराकडून नवं करून घेतो." मसाजीने हँडल काढून मनकर्णेच्या हातात दिलं, तिने त्याला कुंकू लावून खुंटीला अडकवलं. मोटार चालू होतीच. तातेराव पुढे मसाजीच्या शेजारी बसले आणि गेले.

संध्याकाळी मनकर्णा जेवली नाही. दाढ दुखते म्हणाली. लवंग दिली.

भाद्रपद शुद्ध ३, रविवार

मसाजीच्या बावळटपणाला सीमा नाही. परवा तो ओढ्यापर्यंत गेला, आमच्या शिवेच्या अलीकडे, आणि तहान लागली म्हणून मोटार बंद करून पाणी प्यायला उतरला. बंद करून. हँडल खुंटीला आहे हे पाणी पिऊन झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

तेव्हापासून मोटार ओढ्याच्या काठी करंजाखाली उभी आहे. बाळापूरच्या लोहाराने दोन हँडलं करून आणली, एकही बसलं नाही. सहा बैल जोडून ओढून बघितली, मसाजी आत बसला होता, तरी चालू झाली नाही. आमच्याकडून हँडल मागून नेण्याचं तातेरावांच्या मनातही येत नाही. विकणाऱ्याकडे दावं मागायला जाणं म्हणजे भीक मागण्यापेक्षा वाईट. आणि मीही आपण होऊन देऊ शकत नाही. मग तातेराव बैल जोडून तशीच बाळापूरला ओढत नेऊ म्हणाले, तर संतराम हेड्याने हात आडवा केला.

"जनावर जुन्या मालकाच्या शिवेत बसलं," तो म्हणाला. "ते वढून न्यायचं नसतं, तातेराव. वढून नेलेल्याचा कुणाला गुण आला? किसनरावनं वापस मागितलं तर देऊन टाका. पर मागायचं त्यायनं. तुमी म्हणायचं न्हाई."

म्हणजे आता माझ्यावर आलं. मी मागणार नाही. इंजिनवाला येत्या शुक्रवारी नांदेडहून यायचा आहे. विकलेलं परत मागणारा किसनराव, असं बाजारात व्हायला नको.

मनकर्णेची दाढ अजून दुखते. कुठली दाढ विचारलं तर रोज वेगळी दाखवते.

भाद्रपद शुद्ध ५, मंगळवार

वसमतला चतुराबाईकडे महालक्ष्म्या बसतात. मनकर्णा दरसाल जाते, सजावट तीच करते. ह्या साली म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. चतुरा करंल." मी ऐकलं नाही. धमणीत दोन गाद्या आणि वर कापसाची दुलई घातली. स्वतः हाकायला बसलो. बैल इतके सावकाश चालवले की रस्त्याने पायी चाललेली पोरं पुढे निघून गेली.

ओढा यायच्या आधीच मागे वळून बघितलं. तिने दोन्ही हातांनी धमणीच्या काठ्या धरल्या होत्या आणि ओठ आवळले होते. चेहऱ्यावरून घाम गळत होता. मी थांबवली. विचारलं, "दुखून राहिलं का?"

"दाढ," म्हणाली.

करंजाखाली मोटार दिसत होती. एका दिव्याचं बाशिंग अजून तसंच होतं. ती तिकडे बघत नव्हती. बघायचं नाही म्हणून मान वळवून उलटीकडच्या पडीक रानाकडे बघत होती, आणि त्या रानात बघण्यासारखं काहीही नाही.

मी धमणी वळवली. मी स्वतःला शहाणा समजतो, बैलाच्या चालीवरून त्याचा कुठला खूर दुखतो ते सांगतो. चार दिवस घरात दाढ दुखते आणि मी लवंगा देतो. मला माझीच लाज वाटली.

भाद्रपद शुद्ध ६, बुधवार

सकाळी खुंटीवरचं हँडल काढलं. मनकर्णा ताक करत होती. तिने बघितलं आणि रवी तशीच घुसळत राहिली. मसाजीला घेऊन चालत ओढ्यावर गेलो. तातेराव आणि संतराम यांना निरोप धाडला होता. तातेरावांनी दिलेलं सगळं रुमालात बांधून आणलं होतं, वर इसाराचा नारळ.

मी म्हणालो, "तातेराव, मोटार वापस द्या. मी मागतो."

संतरामने विचारलं, "काहून?" हेडी आहे, कारण विचारणारच. चार माणसं जमली होती. काहीतरी यंत्राचं सांगावं असं आधी मनात होतं. पण म्हणालो, "घरात लागती. विकताना मला कळलं न्हाई."

तातेराव एवढे खूश झाले की मला मिठीच मारली. शिवेवर बसलेलं जनावर आपल्या गळ्यात पडतं की काय, ह्या चिंतेने पाच दिवस त्यांना झोप नव्हती. नारळ तिथेच फोडला. हँडल मी स्वतः मारलं. पहिल्यांदाच. दुसऱ्या फेऱ्याला त्याने असा उलटा हिसका दिला की मनगट अजून सुजलेलं आहे. तिसऱ्याला चालू झाली.

पुढे मसाजीशेजारी बसवेना, हात ठणकत होता. म्हणून मागे बंगईवर जाऊन बसलो. तीन वर्षांत मी तिथे कधी बसलोच नव्हतो. मोटार खड्ड्यात आदळली, मला नुसता झोका आला. पडदा वर होता. तिथून आमचं गाव वेगळंच दिसतं. आपण चालतो तेव्हा कुंपणं दिसतात, तिथून कुंपणापलीकडची माणसं दिसतात. आणि ती माणसं धावत यायला लागली. भिकाबाई गवताचा भारा टाकून रस्त्यावर आली, खिडकीत डोकं घातलं आणि मला बघून थबकली. "काकू न्हाईत व्हय? लेकीला निरोप सांगायचा व्हता बाळापूरला." पुढे शालूबाई, कडेवर लेकरू, काकूनं ह्याला बघितलं न्हाई अजून म्हणून. मेंढरांमागची एक म्हातारी आली, तिने तर मला बघून तोंडच वाकडं केलं. तिला वसमतच्या दवाखान्यात जायचं होतं, काकू नेणार होत्या, मग ऐकलं मोटार विकली. मी सगळ्यांना एकच सांगत आलो, उद्या येतील. ओढ्यापासून घरापर्यंत सात जणींना सांगितलं. माझ्या घरात एवढं मोठं काम चाललं होतं आणि मी जाहिरातीत हळदीची चार पोती लिहिली होती.

मनकर्णा अंगणात काठी धरून उभी होती. फळीवरून उतरलो. सगळा रस्ता जुळवत आणलेलं ऐनवेळी आठवेना. म्हणालो, "वापस आणली. गरज संपली न्हाई."

"कुणाची?"

"माझी," मी म्हणालो. "तू घरात बसून राहिलीस की मला करमत न्हाई."

तिने पदराने डोळे टिपले. मग म्हणाली, "शेवटची ओळ परत म्हणा."

म्हणालो.

"बराबर हाय," ती म्हणाली.

भाद्रपद शुद्ध ७, गुरुवार

पहाटेच मोटार वसमतला गेली. बंगईवर मनकर्णा, तिच्या एका बाजूला मेंढरंवाली म्हातारी आणि दुसऱ्या बाजूला भिकाबाई. हँडल मोटारीतच ठेवलं आहे. न विकलेल्या जनावराचं दावं खुंटीला टांगत नाहीत.

इंजिनवाल्याला येऊ नका म्हणून माणूस धाडला. हळद ह्या साली मोटेवरच. दाढ थांबली.

एक लिहायचं राहिलं. जाताना मसाजीच्या डोक्याला नवा कोरा जरीकाठी पटका होता. मनकर्णेने दिला म्हणे. पाच दिवस मोटार ओढ्यावर अडकवून ठेवणाऱ्या गड्याला पटका कशाबद्दल, असं मी विचारलं. ती म्हणाली, पोळ्याचा द्यायचा राहिला होता. मसाजी खाली मान घालून चाक पुसत होता. बिचारा भोळा आहे, पण तिचा जीव मोठा आहे.